दुधाचा तास आणि मनोऱ्यांची वाट

पुण्याहून शिरूर, शिरूरहून दौंड आणि दौंडहून परत पुणे. नकाशावर एक तिरका त्रिकोण होतो. सकाळी निघालेला माणूस एसटीनं रात्रीच्या जेवणाला घरी येईल. मला जवळजवळ आठवडा लागला, आणि ज्या कामासाठी गेलो होतो ते बरोबर उलटं करून परत आलो.

मी संध्याकाळच्या कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात आमच्या ग्राहक मंडळासाठी विजेचे कागद वाचतो. वीज नियामक आयोग तेव्हा नवा होता. वीजवाल्यांनी एखादा मोठा खर्च काढला की आयोग लोकांच्या हरकती मागवी, सुनावणी घेई आणि मगच मंजुरी देई. आम्हाला या गोष्टीचं फार अप्रूप होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांना जोडणारी, उंच मनोऱ्यांवरून जाणारी एक नवी लाइन टाकायचा प्रस्ताव आला, तेव्हा हरकत लिहायचं काम माझ्याकडे आलं. अशा लाइनवर घातलेला पैसा परताव्यासकट वर्षानुवर्षं सगळ्यांच्या बिलात थोडा थोडा येत राहतो. म्हणून गरज नसलेली लाइन म्हणजे न खाल्लेल्या जेवणाचं बिल, असं मी लिहिलं. वाक्य मला फार आवडलं होतं.

माझा मुख्य मुद्दा साधा होता. वीजवाल्यांनीच जोडलेल्या आलेखात, ऐन दिवेलागणीला, जेव्हा सगळीकडे विजेची मागणी चढते, तेव्हा या पट्ट्यातल्या गावांची मागणी खाली येत होती. संध्याकाळी ज्यांना वीज नको, त्यांच्यासाठी लाइन कशाला?

कागद टाइप करून झाले, सुनावणीची तारीख लागली आणि मला बोचणी लागली. बोचणी हा माझा नेहमीचा आजार आहे. रिक्षावाल्याला बरोबर पैसे दिले तरी हे घरी येऊन कमी दिले का म्हणून विचार करत बसतात, असं बायको सगळ्यांना सांगते. या वेळची बोचणी अशी, की मी त्यातलं एकही गाव पाहिलेलं नव्हतं. फेब्रुवारी संपत आला होता. मी कॉलेजातून रजा घेतली.

नगर रस्ता

वीजवाल्यांची जीप मिळाली असती. पण ज्यांच्या विरुद्ध बोलायचं त्यांच्या जीपमध्ये बसायचं कसं, म्हणून मी एसटीनं निघालो. कोरेगाव भीमाला एसटी पंक्चर झाली. कंडक्टरनं सगळ्यांना उतरवलं, स्टेपनीत हवा नव्हती. शेवटी रांजणगावच्या एका कारखान्याच्या बसनं मला उचललं. म्हणजे वीजवाल्यांची जीप नाकारून मी विजेच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या बसमध्ये बसलो. त्याचंही मला वाईट वाटलं, पण मागची सीट मऊ होती.

शेजारी गोरखपूरकडचा एक तरुण होता, दुसऱ्या पाळीला निघालेला. त्याला विचारलं, कारखान्यात वीज जाते का? तो हसला. "प्लांट में तो लाइट जाती ही नहीं, साहब. रूम पे मत पूछो." त्याची खोली कारखान्याच्या भिंतीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होती.

रांजणगावच्या पुढे मी पहिल्यांदा एका मनोऱ्याच्या खाली जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरून जाताना तो दिसतो, पण खाली उभं राहिलं की वर एक बारीक गुणगुण ऐकू येते. चार पायांच्या मधल्या जागेत कुणीतरी मेथी लावली होती. गावातल्या खांबावरची वीज आणि ही वीज यांत पाणंद आणि हमरस्ता यांच्याइतका फरक. मनोऱ्यांवरून वीज लांबून घाऊक येते, सबस्टेशनात उतरते आणि तिथून फीडर नावाच्या लहान लाइनींनी गावोगाव वाटली जाते. हे मी कितीदा तरी लिहिलं होतं. मेथीचं मात्र कुठल्याच कागदात नव्हतं.

शिरूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गावाबाहेरच्या सबस्टेशनात शेळके नावाचे ऑपरेटर ड्युटीवर होते. ग्राहक मंडळाचं पत्र दाखवल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि आपल्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू दिला. दौंडच्या दिशेनं, भीमेकाठच्या गावांकडे जाणाऱ्या फीडरचा भार दाखवणाऱ्या काट्यासमोर आम्ही बसलो. दिवस मावळला. काटा क्षणभर थरथरला आणि सावकाश खाली उतरू लागला, थेट माझ्या आलेखातल्यासारखा.

"रोज असंच होतं?" मी विचारलं.

"रोज. घड्याळ लावून घ्या."

"का बरं?"

"तिकडचं लोक लवकर जेवत्यात आन् झोपत्यात," शेळके म्हणाले. "शिरूरवाल्यांसारखं टीव्ही बघत बसत न्हाईत."

मला इतका आनंद झाला की मी दुसरा लाडू मागून घेतला.

खुंट्यांची वाट

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यापर्यंत वडापच्या, म्हणजे भरेल तेव्हा सुटणाऱ्या, जीपमध्ये आणि पुढे बहुतेक पायी, असा मी दौंडच्या बाजूला निघालो. मनोरे जिथे उभे राहायचे होते तिथे मोजणीवाल्यांनी पांढऱ्या रंगाच्या खुंट्या ठोकल्या होत्या. एका खुंटीवरून पुढची खुंटी शोधायची, हा खेळच होऊन बसला. काही खुंट्या पडीक माळावर होत्या, काही उसात. एका खुंटीला कुणीतरी शेळी बांधली होती.

वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. कढईत रस उकळत होता, वर मळीचा फेस येत होता आणि चुलाणात चिपाडं कोंबणारा माणूस आगीकडे न बघता भोजपुरीत कुणाला तरी शिव्या देत होता. त्यांनी द्रोणात गरम काकवी दिली. घाईनं प्यालो आणि जीभ भाजली. पुढचे दोन दिवस मला तिखटमीठ कळलं नाही. त्यामुळे बोरमळ्याच्या पहिल्या जेवणाविषयी मला काहीही सांगता येणार नाही, आणि ज्यांनी ते इतक्या अगत्यानं केलं त्यांची मी इथे माफी मागतो.

बोरमळा

बोरमळा हे भीमेच्या काठावरचं लहानसं गाव. मी पोचण्याआधी माझी बातमी पोचली होती. पारावर बसलेले एक उंच, वाळकेसे गृहस्थ उठून आले आणि त्यांनी माझी पिशवी हातातून काढून घेतली. सगळे त्यांना आबा म्हणत. ते मला तडक आपल्या लिंबाच्या बागेत घेऊन गेले. ऐन भरातली झाडं, खाली पिवळ्या लिंबांचा सडा आणि बागेच्या बरोबर मध्यावर पांढरी खुंटी.

"ही बगा," आबा म्हणाले. "तुम्ही लाइन अडवणार म्हणं?"

मी म्हणालो, "माझी तशी हरकत आहे."

"मग आमच्या घरी मुक्काम. दुसरीकडं जायाचं न्हाई."

पिकाची भरपाई मिळते, पण चार पायांखालची जमीन आणि तारांखालची झाडं कायमची जातात. आबांनी ती झाडं नदीवरून कावडीनं पाणी आणून जगवली होती. मला वाटलं, चला, आपण एका तरी माणसाच्या कामी येतोय.

मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा दुधाची कॅन घेऊन गावात गेले आणि मी विहिरीवर एकटाच राहिलो. पत्र्याच्या पेटीत मोटरीचा स्टार्टर होता, एक हिरवं बटण, एक लाल. आयुष्यभर विजेवर लिहिलं, पण मोटर कधी चालू केली नव्हती. मी हिरवं बटण दाबलं. मोटर कण्हल्यासारखी गुरगुरली, मग पाइपातून पाण्याचा लोट आला. मी त्यात हात धुतले, तोंड धुतलं. अगदी लहान मूल झालो होतो.

तेवढ्यात बांधावरून आबा पळत येताना दिसले. त्या वयाच्या माणसाला असं पळताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी येऊन लाल बटण दाबलं आणि धापा टाकत म्हणाले, "सर, दुधाचा तास हाय."

मला काहीच कळलं नाही. त्यांनी मला गावात नेलं. बुद्धविहाराच्या शेजारी दूध संकलन केंद्र होतं, एक खोली आणि तीत दूध गार करणारी स्टीलची मोठी टाकी. टाकी बंद पडली होती. दारात बायका कॅन धरून उभ्या होत्या. केंद्र बायकांच्या गटाचं, आणि गटाच्या सचिव विमलताई टाकीच्या अंगाला हात लावून उभ्या होत्या.

"कुणी लावली मोटर?" त्यांनी विचारलं.

"पाव्हण्यानं," आबा म्हणाले.

"मग काय बोलायचं."

गोष्ट अशी होती. संध्याकाळी विजेचा दाब इतका पडतो की आसपास मोटरी चालू असल्या तर टाकीचं यंत्र उठतच नाही, चालू असलं तरी बंद पडतं. जनरेटर ठेवला तर सगळी कमाई डिझेलच खाईल. म्हणून गावानं नेम केला होता. दिवस मावळताना विहाराच्या भोंग्यावरून पुकारायचं आणि दूध गार होईपर्यंत साऱ्या शिवारातल्या मोटरी बंद. पाणी द्यायचं राहिलं तरी चालेल. डेअरीनं दोनदा दूध कोमट म्हणून परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा तसं झालं तर टाकी उचलून नदीपलीकडच्या गावाला नेणार, असं बजावलं होतं. टाकी गेली की बोरमळ्याच्या बायकांच्या हातचं काम गेलं. आणि ते तिसऱ्यांदा आता माझ्यामुळे घडणार होतं.

यंत्र थंड होऊन पुन्हा चालू होईपर्यंत मी भिंतीशी उभा राहिलो. एका बाईंनी मला चहा आणून दिला. सकाळी टँकर आला. टँकरवाल्यानं टाकीत तापमापक सोडला, वर धरला, पुन्हा सोडला. मग पाइप जोडून दूध ओढून घेतलं.

विमलताई पहिल्यांदा हसल्या. "पाव्हणं, आता जेवलात तरी चालंल," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरी ओसरीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ज्वारीची भाकरी आणि उडदाच्या पिठाचं डांगर खाताना मी विचारलं, हा नेम एकट्या बोरमळ्याचा का? नाही, त्या म्हणाल्या. काठावरच्या ज्या ज्या गावात टाकी आली तिथे तिथे तो गेला. गटाच्या बैठकीत त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. "पाटलाच्या गाईचं आन् आमच्या म्हशीचं दूध एकाच टाकीत पडतंय. मोटर बंद करायला कोण कुरकुर करंल?"

"म्हणजे रोज दिवेलागणीला या सगळ्या गावांच्या मोटरी एकदम बंद होतात?"

"व्हय. दोन वर्सं झाली."

भाकरीचा घास माझ्या हातात राहिला. शेळक्यांचा काटा डोळ्यांपुढे आला, सावकाश खाली उतरणारा. लोक लवकर जेवून झोपत नव्हते. वीज पुरत नव्हती म्हणून ती एकमेकांसाठी सोडत होते, आणि त्या सोडण्याचा आलेख दाखवून मी लिहिलं होतं की यांना वीज नको आहे.

मी त्यांना तसं सांगितलं. माझ्या कागदातलं ते वाक्यही सांगितलं, न खाल्लेल्या जेवणाचं. विमलताईंनी ऐकून घेतलं.

"म्हंजी आम्ही गुण्यागोविंदानं ऱ्हायलो, हेच चुकलं?"

खीर

मला सुचलेला उपाय मलाच बोलून दाखवायची लाज वाटत होती. आयोग आकड्यांवर चालतो. एक संध्याकाळ दुधाचा तास पाळला नाही, ज्यांना एरवी मोटर चालवायची असते त्यांनी ती चालवली, तर खरी मागणी दिसेल. पण मग टाकी बंद पडेल, दूध नासेल आणि टाकी जाईल.

विहारापुढे बैठक बसली. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, की गरज नसलेली मोटर कुणी लावायची नाही, नाहीतर तो आकडा खोटा होईल. हे सगळं म्हणजे पुराव्यात फेरफार तर नाही ना, अशीही शंका मी बोलून दाखवली.

"फेरफार आजवर झाला," विमलताई म्हणाल्या. "उद्या खरं दिसंल. पर दूध टाकीत घालायचं न्हाई. टाकी रिकामी, तर नासंल काय?"

"आन् एवढं दूध करायचं काय?" मागून एकीनं विचारलं.

"प्यायचं. कवा प्यालीस का घरचं दूध पोटभर?"

बायका हसल्या. त्या हसण्यातच ठरलं. उद्या दुधाचा तास नाही, असे निरोप डेअरीला, आजूबाजूच्या गावांना आणि शेळक्यांनाही केंद्रातल्या फोनवरून गेले. दुधाची किंमत मी देतो म्हणालो, तेव्हा विमलताईंनी मला गप्प केलं. दूध मी विकत घेतलं तर आयोगापुढे मी साक्षीदार राहायचो कसा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं आणि मला सुचलेलं नव्हतं.

बैठकीत आबा मागे भिंतीला टेकून बसले होते. घरी आल्यावर त्यांनी माझं पान मांडलं. ते माझ्या ताटात भाजी वाढत होते, आणि त्यांचं घर, त्यांचं अन्न घेऊन मी त्यांच्याच बागेतली खुंटी पक्की करत होतो. मी म्हणालो, "आबा, मी दुसरीकडे झोपायला जातो." ते म्हणाले, "जेवा आधी."

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला नाही. विहारापुढे तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं. कांडलेले गहू, गुऱ्हाळावरचा गूळ आणि साऱ्या गावाचं दूध. दिवस मावळला तशा एकेका विहिरीवरून मोटरी गुरगुरू लागल्या. विहाराच्या दारावरचा दिवा आधी पिवळा झाला, मग तांबूस, मग नुसती तार लाल दिसायला लागली. केंद्रातला फोन वाजला. शेळके होते. काटा चढतोय, असा इतका चढलेला आपण नोकरीत पाहिला नाही, ते म्हणाले. मग पलीकडे मोठा खटका झाल्यासारखा आवाज आला.

"गेला फीडर," शेळके म्हणाले.

त्याच खटक्यासरशी आमच्याकडेही सगळं गेलं होतं. मोटरी थांबल्या. नदीपलीकडची गावंही काळी झाली. एवढा भार त्या जुन्या लाइनीला पेलला नव्हता. अंधारात पातेल्याखालचा जाळ तेवढा उरला आणि कुणीतरी म्हणालं, "वाढा आता, गार व्हायच्या आत." मुलं, म्हातारी माणसं, सगळे ओळीनं बसले. माझी जीभ तोवर बरी झाली होती. वेलदोडे नव्हते, जायफळही नव्हतं, पण अशी खीर मी पुण्यात खाल्लेली नाही.

आबा पंगतीत नव्हते. मी वाटी झाकून विहिरीवर गेलो. ते पेटीशेजारी बसले होते.

"तुम्ही लावली होती का मोटर?" मी विचारलं.

"लावली. बाग सुकलीय, पाणी द्यायचंच व्हतं." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "समद्या गावानं लावली, मी का न्हाई लावायची? पर एक सांगा तिथं. माळाच्या बांधानं वळवा म्हणावं. वळवाय येती. मी त्या मोजणीवाल्याला इचारलं व्हतं."

"तो काय म्हणाला?"

"म्हणला, खर्च वाढतो."

त्यांनी खिरीची वाटी घेतली आणि काठावर तर्जनी फिरवून शेवटपर्यंत पुसून खाल्ली.

कासुर्डी

दौंडला मी फार थांबलो नाही. स्टेशनवर कोळशाची एक लांबलचक मालगाडी उभी होती. शेजारी चहाच्या टपरीत स्टोव्हला पंप मारणं चाललं होतं. परतीची एसटी सोलापूर रस्त्यानं निघाली आणि कासुर्डीला चहाला थांबली. तिथल्या बाकावर मी पिशवीतून हरकतीचे कागद काढले आणि तो मुख्य मुद्दा खोडला. न खाल्लेल्या जेवणाचं वाक्य खोडताना थोडं जड गेलं, हे कबूल करतो. खाली दोन नव्या मागण्या लिहिल्या. एक, ही लाइन व्हावी. दोन, ती बोरमळ्याशी माळाच्या बांधानं वळवावी. पिशवीत आबांनी घातलेली लिंबं होती. कागदांना त्यांचा वास लागला.

मंडळात माझं स्वागत कसं झालं ते विचारू नका. खजिनदार म्हणाले, तुम्हाला खर्च कमी करायला पाठवलं होतं, तुम्ही वाढवून आलात. त्यांचं चूक नव्हतं. वळणावर साधा मनोरा चालत नाही, जास्त भक्कम लागतो, लांबीही वाढते, आणि तो पैसा त्यांच्या आणि माझ्या बिलात येणार. आबांच्या लिंबांसाठी पुण्याच्या पेन्शनरानं का भरायचं, असं त्यांनी विचारलं. टाकी थंड राहावी म्हणून आबांनी मोटर बंद ठेवली, तेव्हा त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं, एवढंच मला म्हणता आलं.

सुनावणीत मी दोन्ही मागण्या मांडल्या. आयोगाच्या एका सदस्यांनी, ग्राहकांचा माणूस खर्च वाढवायला सांगतोय, असं म्हणून चष्मा पुसला, पण वळणाचा मुद्दा त्यांनी लिहून घेतला. निकाल यायला अजून अवकाश होता. मग त्यांनी त्या संध्याकाळचा आलेख समोर धरला. रेघ चढत चढत गेली होती आणि टोकाला पोचून सरळ खाली, शून्यावर.

"इथे मागणी शून्य दिसते," ते म्हणाले. "या वेळी नेमकं काय चाललं होतं?"

मला ते पातेलं आठवलं, जाळाच्या उजेडात बसलेली पंगत आठवली आणि माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"अंधार होता, साहेब. आम्ही खीर खात होतो."